नखं खाण्याची सवय आणि झोपताना ऐकायची 'सकारात्मक वाक्यं': कुणाला गुण आलाय का?

मिरजेचा_कॅशियर

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मिरजेत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ४१. नखं खातो. शौकानं नव्हे, हात तोंडात कधी गेला तेच कळत नाही. कळतं तेव्हा करंगळीचं नख अर्धं गेलेलं असतं आणि काचेपलीकडचा खातेदार माझ्याकडं बघत असतो. नोटा मोजायचं बोट तोंडात घालणारा कॅशियर कुणाला आवडेल? मार्च अखेरीला तर बोटांची सालटी निघतात. मागं अंगठ्याला नखुरडं होऊन पू झाला, डॉक्टरांनी चीर दिली. पट्टी होती तेवढे दिवस अंगठा वाचला, बाकीची बोटं होतीच.

आता मूळ विषय. माझ्या मेहुण्यानं दिवाळीला मला एक कोर्स भेट दिला, 'अंतर्मन बदला' छापाचा. नाव सांगत नाही. मोबाइलवर वाक्यं ऐकायची, मागं बासरी आणि पाण्याची खळखळ. झोपताना कानात लावायचं, सकाळी उठून तीच वाक्यं वहीत लिहायची. २१ दिवसांत आत रुजतं म्हणे. माझ्या वाट्याची वाक्यं अशी: 'मी पूर्ण शांत आहे.' 'माझी नखं सुंदर आणि निरोगी आहेत.' 'पैसा माझ्याकडे सहज वाहत येतो.' तिसऱ्याला माझी हरकत नाही. पैसा दिवसभर माझ्याकडं वाहत येतोच, संध्याकाळी तिजोरीत जातो एवढंच.

पहिल्या दोन वाक्यांचं मात्र अवघड आहे. 'मी पूर्ण शांत आहे' म्हटलं रे म्हटलं, की आतून एक जण विचारतो, 'हो का? मग काल रोकड जुळेना तेव्हा काय झालं होतं?' नखांचं वाक्य लिहिताना तर मी स्वतःच्या हाताकडं बघायचं टाळतो. कोर्सचे दिवस कधीच भरले, सवय जिथल्या तिथं. मेहुणा म्हणतो, तुझा विश्वासच कमी पडतो, शंका काढतोस म्हणून फळ नाही. बायको म्हणते, पैसे त्याचे गेले, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता.

मीही सोडून दिलं असतं. पण धाकटी सहा वर्षांची आहे, ती आता टीव्हीसमोर हुबेहूब माझ्यासारखं बोट तोंडात घालून बसते. तिला ओरडायला माझं तोंड रिकामं असेल तर ना.

नकळत होणारी सवय अशी वाक्यं म्हणून कुणाची खरोखर सुटली आहे का? की माझी वाक्यंच चुकलीत? अजून एक आहे, ते लिहू की नको असं झालंय. लहानपणापासून घरात माझ्याबद्दल एकच बोललं जायचं, 'ह्याचं सगळं अर्धवट.' ते इतकं आत बसलंय की काहीही हातात घेतलं की हे तडीस जाणार नाही असं आधीच वाटतं. नखं हा त्यातलाच एक भाग असेल का?

ओटीवरची_माई

मिरजकर भाऊ, म्हणणं सोडू नका एवढंच सांगते. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. उंबऱ्यातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं तर आजी माघारी बोलावून 'येतो' म्हणायला लावायची. वास्तू तथास्तु म्हणत असते हो. चांगलं बोललेलं वाया जात नाही. मेहुण्यानं काही वाईट चिंतलेलं नाही तुमचं. बासरी तेवढी बंद करा, कानात काही घालून झोपू नये.

बीडचं_पोरगं

मला तर फायदा झाला राव. पोलीस भरतीचं ग्राउंड करत होतो, १६०० मीटरला तिसऱ्या राउंडला पाय दगड व्हायचे. सरांनी सांगितलं, मनात 'जमतंय, जमतंय, ओढ' म्हणत राहा. पाऊल पडेल तसं म्हणायचो. टायमिंग सुधारलं, खोटं नाही सांगत.

लेखीसाठी मात्र रोज वहीत 'माझी निवड झाली आहे' असं पानभर लिहायचो. तिथं दोन मार्कानं मेरिट हुकलं. आता तुम्हीच ठरवा.

वॉटर्लूकर

कॅशियरसाहेब, दोष तुमच्या विश्वासाचा नाही. हे मेहुण्यापर्यंत पोचवा.

मी कॅनडात ज्या गावात राहतो तिथल्याच विद्यापीठात जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. २००९ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. लोकांना मनात येतील ते विचार लिहायला बसवलं, आणि त्यांतल्या निम्म्यांना सांगितलं की घंटा वाजेल तेव्हा 'मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे' असं मनाशी म्हणायचं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळातच चांगलं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांच्या जिवावर हे कोर्स खपतात, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या त्यांच्यासारख्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. 'हो का?' म्हणणारा तुमचा आतला गृहस्थ तिथंही हजर होता.

त्याच निबंधातला आणखी एक प्रयोग सहसा कुणी सांगत नाही. अशा लोकांना 'हे वाक्य तुमच्या बाबतीत कसं खरं आहे तेवढंच बघा' म्हटलं की त्यांची मनःस्थिती खाली जाई. 'कसं खरं आहे आणि कसं नाही, दोन्ही बघा' म्हटलं तर त्या मानानं बरी राही. शंका आल्यानं बिघडत नाही, ती दाबायला लावल्यानं बिघडतं.

राहिली बासरी. झोपलेल्या माणसाला नखांबद्दल वाक्य ऐकवायचा प्रयोग १९४२ साली होऊन गेलाय! लॉरेन्स लशॅन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उन्हाळी शिबिरातल्या नखं खाणाऱ्या मुलांना रात्री ग्रामोफोनवर एकच वाक्य ऐकवलं, नखं भयंकर कडू लागतात अशा अर्थाचं. रात्रीला ३०० वेळा, ५४ रात्री. मध्येच ग्रामोफोन मोडला, तर हा बाबा अंधारात उभा राहून स्वतः ते म्हणत राहिला. शेवटी ४० टक्के मुलांनी नखं सोडलेली होती. गोष्ट झकास आहे. पण मुलं खरंच झोपेत होती का, हे मेंदूच्या लहरी मोजून कुणी पाहिलं नव्हतं. १९५० च्या दशकात सायमन आणि एमन्स या दोघांनी तशा लहरी मोजत प्रयोग केले, तेव्हा खऱ्या झोपेत ऐकवलेलं सकाळी काही शिल्लक राहत नाही असंच दिसलं. माझा आपला अंदाज, अंधारात पुटपुटणाऱ्या माणसाला घाबरून पोरं सुधारली असतील.

ओटीवरची_माई

वॉटर्लूकर, तुमचे कागद बरोबर असतील. पण समर्थांनी मनाशी बोलायला २०५ श्लोक लिहिले, ते काय उगीच? आम्ही लहानपणी परवचा झाला की तेच म्हणायचो.

गल्ल्यावरचे_काका

मिरजकर, तुमचं वाचून मुलाला दुकानात बसवलं आणि लिहायला घेतलं. साताऱ्यात मेडिकलच्या दुकानात उभं आयुष्य गेलं माझं, उभं म्हणजे खरोखर उभं. नखुरड्याची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचं बोट मी कागदाआधी बघतो. त्यामुळं तुमचा अंगठा मला इथून दिसतोय.

ह्या सगळ्या वाक्यांचा मूळपुरुष आमच्याच धंद्यातला. एमिल कुए, जन्म १८५७, फ्रान्समधल्या त्रुआ गावात औषधाचं दुकान. औषध हातात देताना दोन शब्द त्याच्या बाजूनं बोलले तर गुण जास्त येतो, हे ह्या माणसाच्या ध्यानात आलं. मला ते कुणी शिकवावं लागलं नाही. पाकीट नुसतं सरकवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कुरकुरत येतं. तेच 'उद्या सकाळपर्यंत उतार पडेल, पोटभर खाऊन घ्या' म्हणून दिलं तर येतच नाही. कुए पुढं नान्सी गावात लोकांना बसवून हेच शिकवू लागला, त्याचे पैसे घेत नसे. १९२३ मध्ये अमेरिकेला गेला तर बघायला ही गर्दी.

त्याचं वाक्य सांगतो. रोजच्या रोज, सगळ्या बाजूंनी, माझं अधिकाधिक बरं होत चाललंय. सकाळी जाग आल्यावर आणि रात्री डोळा लागायच्या आधी, २० वेळा. मोजायला दोरीला २० गाठी मारायच्या. ओठ हलले पाहिजेत आणि जोर अजिबात लावायचा नाही.

हे वाक्य तुमच्या मेहुण्याच्या वाक्याशेजारी ठेवा. 'मी पूर्ण शांत आहे' हे मुक्कामाला पोचल्याचं सांगतं. कुएचं वाक्य नुसतं वाटेला लागल्याचं सांगतं. ते ऐकून तुमच्या आतल्या त्या ऑडिटरला आक्षेप काढायला जागा कमी. कालच्यापेक्षा आज तसूभर बरं, ह्याला तो काय म्हणणार?

कुएचं दुसरं म्हणणं मला जास्त पटतं. तो म्हणे, इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली की इच्छा हरते. शिकाऊ सायकलवाल्याला रस्त्यात धोंडा दिसतो, तो मनात 'धोंड्यावर जायचं नाही' म्हणतो आणि बरोबर धोंड्यावर जातो. 'नखं खायची नाहीत, खायची नाहीत' घोकलं तर दिवसभर डोक्यात काय असणार? नखंच.

पण कुएला डोक्यावरही घेऊ नका. वाक्यानं साखर उतरत नाही, रक्तदाब उतरत नाही, गळूही बसत नाही. गोळ्या बंद करून वाक्यं म्हणणारे लोक मी काउंटरवर पाहिलेत. त्यांना मी शिव्या घालून गोळ्या दिल्यात.

आता नखं. नकळत होणाऱ्या गोष्टीला 'माझी नखं सुंदर आहेत' हे वाक्य लागूच पडत नाही, कारण हात वर जातो तेव्हा ते वाक्य तिथं नसतं. ते रात्री उशाशी असतं, हात दुपारी काउंटरवर असतो. १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या दोघांनी अशा सवयींसाठी एक साधी रीत दिली, आजही मानसोपचारवाले तीच वापरतात. आधी फक्त पकडायचं: हात कधी उठतो, कुठलं बोट, त्याआधी काय घडलेलं असतं. मग त्या घटकेला हातानं दुसरं काहीतरी करायचं, की ज्यामुळं नख खाताच येणार नाही. मूठ वळून दोन-तीन मिनिटं धरायची. झालं.

वाक्य हवंय ते इथं. 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं. पीटर गोलविट्झर म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ह्या जर-तर वाक्यांचा अभ्यास केला. २००६ मध्ये शीरन यांच्यासह त्यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासले, परिणाम मध्यम ते चांगला निघाला. ह्यात विश्वास ठेवायचा प्रश्नच येत नाही. तुम्ही आत काय आहात हे ते वाक्य सांगतच नाही, पुढच्या वेळी हातानं काय करायचं ते सांगतं. बीडच्या पोराचं 'ओढ' चाललं आणि 'निवड झाली आहे' चाललं नाही, त्याचंही हेच. एक पायाला सांगितलं होतं, दुसरं निवड समितीला.

माईंना सांगतो, सज्जनगड आमच्या खिडकीतून दिसतो, तेव्हा मनाच्या श्लोकांवर माझाही हक्क आहे! ते एकदा ह्या नजरेनं म्हणून बघा. त्यात 'मी महान, मी शांत' असं कुठं घोकत नाहीत. मनाला समोर बसवून 'हे कर, हे सोड, इकडं जा' असं सांगणं आहे सगळं.

२१ दिवसांचंही एकदा मिटवतो. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचा. नाक-डोळे बदललेल्या रोग्याला नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहिलं. त्यातला 'निदान' हा शब्द गळाला, २१ राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांना एक-एक नवी सवय लावायला देऊन मोजलं, तर मधला आकडा ६६ दिवसांचा आला. वरखाली किती? १८ पासून २५४ पर्यंत. आणि एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नव्हतं. तुमच्यासारख्यानं हे शेवटचं वाक्य लाल शाईनं लिहून ठेवावं.

वॉटर्लूकर

काकांना अनुमोदन. फक्त लॅलींचे लोक नवी सवय लावत होते, जुनी मोडत नव्हते, तेवढा फरक ध्यानात ठेवा. पण कॅशियरसाहेबांच्या 'अर्धवट'बद्दल कुणीच बोललं नाही. मला वाटतं नखांपेक्षा ते मोठं आहे.

गल्ल्यावरचे_काका

येतच होतो, मध्ये गिऱ्हाईक आलं. मुलाला एका डॉक्टरांचं अक्षर लागत नाही.

मिरजकर, व्हाउचरवर आकडा बघितल्याशिवाय तुम्ही सही करत नाही. मग 'ह्याचं सगळं अर्धवट' ह्या व्हाउचरवर इतकी वर्षं डोळे झाकून सही कशी करत आलात? रोकड जुळल्याशिवाय कॅशियरला घरी जाता येत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या शेजारच्या संस्थेतला कॅशियर दहा रुपयांसाठी आठ वाजेपर्यंत बसलेला मी बघितलाय. म्हणजे तुम्ही रोज, न चुकता, एक काम तडीस नेऊन मगच उठता. 'सगळं' हा शब्द तिथंच पडला.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणली. तिचा गाभा मला समजला तो असा: मनातल्या अशा हुकमी वाक्याला पुरावा मागायचा, 'सगळं', 'कधीच', 'नेहमी' हे शब्द धरायचे. त्याच्या जागी उलटं गोड वाक्य ठेवायचं नाही. 'मी सगळं पूर्ण करतो' हेही खोटंच आहे, घरात एखादी अर्धी रंगवलेली खिडकी असेलच तुमच्या. सही करता येईल असं वाक्य लिहा: 'काही कामं मी मध्येच सोडली. रोकड मात्र रोज जुळवून उठतो.' आतल्या ऑडिटरला दाखवा. आक्षेप आला तर दुरुस्त करा. तो शत्रू नाही तुमचा, त्याला काम द्या.

गोदाकाठची

नाशिकहून लिहितेय, योगवर्ग घेते. मेहुण्याची बाजू थोडी सांगते, तेवढी मांडायला हवी. बिहार स्कूल ऑफ योगच्या परंपरेत स्वामी सत्यानंदांनी योगनिद्रा दिली, तिच्यात सुरुवातीला आणि शेवटी संकल्प म्हणतात. एकच, छोटा, स्वतः ठरवलेला, आणि तो घडीघडी बदलायचा नाही. झोपून जायचं नसतं, जागं राहून अंग सैल सोडायचं असतं. दिलेली दहा वाक्यं मोबाइलवर लावून घोरणं ही त्याची नक्कल झाली. माझ्या वर्गात बायकांना संकल्पापेक्षा त्या सैल पडण्याचाच जास्त उपयोग होतो असं माझं निरीक्षण आहे. दुपारी घटकाभर निवांत पडलेल्या माणसाचा हात संध्याकाळी तोंडाकडे कमी जाईल, एवढं मी म्हणू शकते. पुढचं नाही.

मिरजेचा_कॅशियर

सगळ्यांचे आभार. एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

काकांनी सांगितल्यावर या आठवड्यात दुसरं काही केलं नाही, फक्त पकडलं. भरण्याच्या रद्द स्लिपांच्या मागं रेघ मारायची आणि शेजारी एक शब्द. माझा समज होता की गर्दी झाली, ताण आला की नखं. तसं नाहीच! मोजताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा एकही रेघ नाही. सगळ्या रेघा थांबण्याच्या. सर्व्हर फिरत बसला. खातेदार पॅनकार्ड शोधतोय. पिग्मीवाले संध्याकाळी यायचेत आणि मी नुसता वाट बघतोय. साहेब फोनवर आहेत आणि त्यांची सही हवी आहे. एवढे दिवस 'मी पूर्ण शांत आहे' कशाला म्हणायचं होतं कुणास ठाऊक, मला तर कंटाळा येत होता.

वाक्य असं केलंय, तपासून द्या: 'थांबावं लागलं आणि हात वर निघाला, की बोट स्पंजवर.' काउंटरवर नोटा मोजायची ओल्या स्पंजची डबी असतेच. मूठ वळून बसलो तर खातेदाराला वाटेल मी मारायला उठलोय.

'अर्धवट'चं वाक्य लिहिलंय. ते इथं टाकत नाही. खिडकी नाही, देवघराचं दार अर्धं पॉलिश केलेलं आहे. तुम्हाला कसं कळलं?

गल्ल्यावरचे_काका

प्रत्येक घरात असतं ते.

वाक्य चांगलं, स्पंज काढा. ओलं नख मऊ पडतं, कडेचा टवका पटकन निघतो आणि टवका लागला की तुमचे दात आलेच. कातडीही फुगून सोलते. रबरी शिक्का धरा हातात, त्याची मूठ लाकडी असते, खातेदाराला वाटेल काम चाललंय. 'थांबावं लागलं आणि हात वर निघाला, की शिक्का मुठीत.' खिशात छोटी कानस ठेवा. खरबरीत कड दिसली की तिथल्या तिथं घासून टाकायची. रात्री नखांच्या कडांना व्हॅसलीन. निम्मी नखं ही त्या खरबरीत कडेपायी खाल्ली जातात, मनाबिनाचा तिथं काही संबंध नसतो.

बाकी सगळ्यांसाठी: बोटातून रक्त येईपर्यंत, किंवा केस उपटण्यापर्यंत गोष्ट जात असेल, किंवा 'माझ्यात काहीच चांगलं नाही' हे दिवसरात्र डोक्यात फिरत असेल, तर इथं वाक्यं मागत बसू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

शाळेतली_ताई

धाकटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी पहिलीचा वर्ग घेते. तिला 'बोट काढ' म्हणू नका. ती टीव्ही बघताना खाते ना, मग टीव्हीच्या वेळी हातात काहीतरी द्या. आमच्या वर्गात मी गोष्ट सांगताना पोरांना मातीचा गोळा देते. आणि तिच्यासाठी वाक्य वगैरे बनवू नका. मोठ्यांनी बनवलेलं वाक्य पोरं दोन दिवस म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी त्याची नक्कल करतात. तुमचा शिक्का तिला दाखवा. बाबांनाही हेच जड जातंय हे कळलं तर ती तुमच्यावर पहारा ठेवेल, आणि पहारा ठेवणाऱ्याचं बोट तोंडात नसतं.

मिरजेचा_कॅशियर

ताई, हे सुचलंच नव्हतं. काका, एक विचारतो, नखांना लावायचा कडू लेप मिळतो म्हणे. माझी आई कडुनिंबाचा पाला वाटून लावायची. मी तो चाटून पुन्हा नखं खायचो.

गल्ल्यावरचे_काका

मिळतो. त्यात डेनाटोनियम बेंझोएट असतं, जगातला सगळ्यात कडू पदार्थ म्हणून त्याची ओळख आहे. तुम्ही लावा. त्याचा खरा उपयोग कडूपणाचा नाही, हात तोंडात गेलाय ही बातमी लवकर मिळते एवढाच. बातमी मिळाली की शिक्का. मुलीला नको. लहानांना कुठल्या वयापासून चालतो ते बाटलीवर बघावं लागतं, आणि तेच हात ती डोळ्यांना लावणार. तिची नखं बारीक कापत जा. आणि शी-च्या जागी खाज सुटते का ते विचारा. नखं खाणाऱ्या पोरांत जंत फार. असेल तर डॉक्टरांना विचारून औषध द्या, सगळ्या घरानंच घ्यावं लागतं.

बीडचं_पोरगं

काका, माझं पण वाक्य बदलून द्या की. लेखी परत तोंडावर आलीय.

गल्ल्यावरचे_काका

कुठं अडतं?

बीडचं_पोरगं

गणित. काळ-काम-वेग आलं की मी पुढचा प्रश्न घेतो.

गल्ल्यावरचे_काका

मग 'निवड झाली आहे' खोड. लिही: 'काळ-काम-वेगाचं गणित दिसलं, की पान उलटायच्या आधी दिलेले आकडे एका ओळीत मांडीन.' सुटो न सुटो, मांडायचे. आणि अडलेलं एक गणित इथं टाक, ताई बघतील.

शाळेतली_ताई

काका, मी पहिलीला शिकवते. पण टाक रे, बघूया.